गटनेता, प्रतोद, विरोधी पक्षनेता: संसदेत नेमकं कोण काय करतं?

वाईचे_मास्तर

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत नववी-दहावीची मुलं युवा संसद बसवतायत. भूमिका वाटायला बसलो तेव्हा पंतप्रधान आणि लोकसभा अध्यक्ष व्हायला झुंबड उडाली. 'मुख्य प्रतोद कोण होणार?' असं विचारलं आणि वर्ग गप्प. शेवटी एका मुलीनं हात वर केला, पण आधी विचारलं, "सर, प्रतोद म्हणजे हजेरी घेणारा का?"

मी 'हो, साधारण तसंच' म्हणून वेळ मारून नेली. घरी आलो तरी ते उत्तर टोचत राहिलं. नागरिकशास्त्र शिकवून मला एकवीस वर्षं झाली. राष्ट्रपती, मंत्रिमंडळ, विधेयकाची तीन वाचनं हे सगळं तोंडपाठ आहे. पण पक्ष सभागृहात चालतो कसा, कोण कुणाला काय सांगतं, कुणी बोलायचं हे कोण ठरवतं, यावर मी आजवर एक तासही घेतलेला नाही. बातम्यांत मात्र रोज हेच शब्द असतात. 'व्हिप बजावला', 'गटनेता बदलला', 'विरोधी पक्षनेतेपद रिकामं'.

मला राज्याचं विधिमंडळ नको, मुलं लोकसभा करणार आहेत. तेव्हा दिल्लीत हे प्रत्यक्ष कसं चालतं ते जाणकारांनी सांगावं. अवघड असलं तरी चालेल, मुलांसाठी सोपं मी करून घेईन.

---

निवृत्त_वार्ताहर

मास्तर, प्रश्न फार आवडला. वर्तमानपत्रासाठी मी बरीच वर्षं अधिवेशनं केली, तेव्हा जमेल तेवढं सांगतो.

आधी एक गाठ सोडवून घ्या. पक्षाचा अध्यक्ष वेगळा आणि पक्षाचा सभागृहातला नेता वेगळा. या दुसऱ्यालाच आपण गटनेता म्हणतो. कधी दोन्ही एकच माणूस असतो, बहुतेकदा नसतो. काँग्रेसचंच बघा. पक्षाध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे राज्यसभेत विरोधी पक्षनेते आहेत, लोकसभेत विरोधी पक्षनेते राहुल गांधी, आणि दोन्ही सभागृहांतल्या खासदारांचा मिळून जो संसदीय पक्ष असतो त्याच्या अध्यक्षा सोनिया गांधी. तीन खुर्च्या, तिन्हींची कामं निराळी.

सत्ताधारी बाजूला 'सभागृह नेता' असतो. लोकसभेच्या नियमांत याची व्याख्या दिलेली आहे: पंतप्रधान लोकसभेचे सदस्य असतील तर तेच, नसतील तर त्यांनी नेमलेला लोकसभेतला मंत्री. मुलांना इथे एक चांगलं उदाहरण देता येईल. डॉ. मनमोहन सिंग राज्यसभेत होते, त्यामुळे लोकसभेचं नेतेपद २००४ पासून प्रणव मुखर्जींकडे होतं. ते २०१२ मध्ये राष्ट्रपती झाल्यावर ती जागा आपल्या सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदे यांच्याकडे आली आणि २०१४ पर्यंत राहिली. १९६६ मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या तेव्हा त्याही राज्यसभेत होत्या, त्यामुळे तेव्हाही लोकसभेला वेगळा नेता होता.

हे पद शोभेचं नाही. कोणत्या दिवशी कोणतं विधेयक घ्यायचं, अधिवेशन किती दिवस चालवायचं, गोंधळ झाला की विरोधकांशी कुणी बोलायचं, याचा शेवटचा शब्द त्याचा. रोजची धावपळ मात्र संसदीय कामकाज मंत्री करतो. सरकारचा मुख्य प्रतोद तोच मानला जातो. त्याची खोली म्हणजे अधिवेशनातलं सगळ्यात वर्दळीचं ठिकाण. मी तिथल्या बाकावर कितीतरी संध्याकाळी काढल्या आहेत. सभागृहात एकमेकांवर तुटून पडलेले दोन पक्षांचे गटनेते तासाभराने त्याच खोलीत चहा पीत उद्याचं कामकाज ठरवताना पाहिलेत. त्यात मला कधी दांभिकपणा वाटला नाही. ते बोलणं थांबलं की सभागृह थांबतं, हे मात्र अनेकदा बघितलं.

मग कामकाज सल्लागार समिती. लोकसभेत हिचे १५ सदस्य असतात, अध्यक्षस्थानी स्वतः लोकसभा अध्यक्ष. एखाद्या विधेयकाला चार तास द्यायचे की आठ, हे इथे ठरतं. ते तास पक्षांना संख्याबळाप्रमाणे वाटले जातात. मोठ्या पक्षाला तासभर, एकट्यादुकट्या खासदाराला दोन-तीन मिनिटं. आणि आपल्या वाट्याच्या वेळात कोण बोलणार त्याची यादी पक्षाकडून जाते. म्हणजे तुमचा खासदार अभ्यासू आहे, पण गटनेत्याच्या मर्जीतला नाही, तर तो मोठ्या चर्चेत दिसणारच नाही. मतदार म्हणतात 'आमचा खासदार तोंड उघडत नाही.' पुष्कळदा त्याचं नाव यादीतच नसतं.

---

दिल्लीतला_पंढरपूरकर

वार्ताहरकाकांनी वरचा मजला दाखवला, मी तळमजल्याचं सांगतो. मी पाच वर्षं एका खासदारांकडे स्वीय सहायक होतो. कोणते, कुठल्या पक्षाचे, ते राहू द्या.

मास्तर, त्या मुलीचं उत्तर चूक नव्हतं. हजेरी हे प्रतोदाचं निम्मं काम आहेच. फक्त ती हजेरी शाळेसारखी नाही.

व्हिप म्हणजे दोन गोष्टी, आणि बातम्यांत त्या एकमेकींत मिसळतात. एक तो माणूस, म्हणजे प्रतोद. दुसरा तो कागद, म्हणजे पक्षादेश. कागद पक्षाच्या लेटरहेडवर येतो. अमुक तारखेला अमुक विषय मतदानाला येणार आहे, हजर राहा, अमुक बाजूने मत द्या. मजकुराखाली एक ओळ मारली असेल तर नुसती माहिती. दोन ओळी म्हणजे हजर राहाच. तीन ओळी म्हणजे हजर राहा आणि पक्ष सांगेल तसंच मत द्या. 'थ्री लाइन व्हिप' म्हणतात तो हा. हल्ली आधी मोबाइलवर मेसेज येतो, पण कागद घरी पोचवून सही घेण्याची पद्धत आमच्या वेळी होती. पुढे वाद झाला तर 'मला मिळालाच नाही' म्हणायला जागा राहू नये म्हणून.

प्रत्येक पक्षात एक मुख्य प्रतोद आणि मोठ्या पक्षात त्याच्या हाताखाली राज्यवार प्रतोद. आमच्या राज्यवार प्रतोदांकडे एक वही होती. कोण दिल्लीत, कोण मतदारसंघात, कुणाच्या घरी लग्न, कुणाची अँजिओप्लास्टी झालीय, कुणाचं विमान किती वाजता उतरतं. मतदानाच्या दिवशी सकाळपासून फोन. "साहेब निघाले का? कुठवर आले?" माझ्या नोकरीतला निम्मा ताण याच दोन प्रश्नांचा होता.

मतविभागणी, म्हणजे मतं मोजून घेणं, पुकारली की घंटा वाजू लागते. साडेतीन मिनिटं. मग दारं बंद. कॅन्टीनमध्ये असा, ग्रंथालयात असा, त्या साडेतीन मिनिटांत आत गेलात तर तुमचं मत, नाहीतर नाही. प्रतोद दारापाशी उभे राहून डोकी मोजत असतात. चष्मा सावरत पळत येणारे पंचाहत्तरीचे खासदार मी पाहिलेत.

२२ जुलै २००८ चा विश्वासदर्शक ठराव आठवतो का कुणाला? अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला होता. २७५ विरुद्ध २५६ असा निकाल लागला. त्या दिवशी आजारी खासदारांना आणलं होतं, तुरुंगातले खासदार न्यायालयाच्या परवानगीने आले होते. आणि ७ ऑगस्ट २०२३ ला राज्यसभेत दिल्लीच्या सेवांबाबतचं विधेयक होतं, तेव्हा नव्वदीचे मनमोहन सिंग चाकाच्या खुर्चीवर रात्री बसून होते. विधेयक १३१ विरुद्ध १०२ ने मंजूर झालं, म्हणजे त्यांच्या एका मताने काही फरक पडणार नव्हता. पक्षाचा व्हिप होता, ते आले.

पण उलटा अर्धा भाग कुणी सांगत नाही. चांगला प्रतोद खालचं वर नेतो. कांद्याच्या निर्यातबंदीवर आपल्याच खासदारांत खदखद आहे, अमुक कलमावर तीन जण नाराज आहेत, हे नेत्याच्या कानावर घालणं त्याचंच काम. ज्या पक्षात हे होतं तिथे व्हिप मोडायची वेळ सहसा येत नाही. माझ्या पाच वर्षांत मात्र वरून खालीच निरोप येताना जास्त दिसले.

---

शेतकरी_पुत्र

प्रतोद या शब्दाचा अर्थ माझ्या आजोबांनी सांगितला होता. जनावर हाकायची काठी. औताच्या बैलांना टोचायला आपण जी पराणी वापरायचो तीच. इंग्रजीतही शिकारीत कुत्र्यांचा कळप एकत्र ठेवणाऱ्या माणसावरून तो शब्द आला असं वाचलंय.

आता माझा प्रश्न. लाखो लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला पराणीने का हाकावं? व्हिप मोडला तर खासदारकी जाते म्हणतात. मग मी मत कुणाला दिलं, माणसाला की चिन्हाला?

---

अ‍ॅड_करवीर

@शेतकरी_पुत्र, तुमच्या प्रश्नाचं उत्तर १९८५ सालात आहे.

त्याआधी व्हिप मोडणाऱ्यावर पक्ष कारवाई करू शकत होता, काढून टाकू शकत होता, पण खासदारकी शाबूत राहायची. १९६७ मध्ये हरियाणात गया लाल नावाच्या आमदारांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द आपल्या भाषेत कायमचा बसला. १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं. त्यात सदस्यत्व जाण्याची दोन मुख्य कारणं आहेत. एक, पक्षाचं सदस्यत्व स्वेच्छेने सोडणं. दोन, पक्षाच्या निर्देशाविरुद्ध मत देणं किंवा मतदानापासून दूर राहणं. पहिल्या कारणाखाली १९८८ मध्ये मिझोरामचे लालदुहोमा यांची खासदारकी गेली. या कायद्याने अपात्र ठरलेले ते पहिले खासदार. २०२३ मध्ये तेच मिझोरामचे मुख्यमंत्री झाले.

मास्तर, हे मुलांना जरूर सांगा: दहाव्या परिशिष्टात 'व्हिप' हा शब्दच नाही. तिथे 'निर्देश' आहे, आणि तो कुणी द्यायचा? राजकीय पक्षाने, किंवा पक्षाने अधिकार दिलेल्या व्यक्तीने. शिवाय एक खिडकी ठेवलेली आहे. आधी परवानगी घेतली असेल, किंवा मतदानानंतर १५ दिवसांच्या आत पक्षाने ते माफ केलं, तर सदस्यत्व जात नाही. म्हणजे पक्षादेश मोडला की खासदारकी आपोआप जाते हा समज चुकीचा आहे. पक्षाने मुदतीत माफ केलेलं नसावं लागतं, मग तक्रार, मग सभागृहाच्या अध्यक्षांपुढे सुनावणी. डिसेंबर २०२४ मध्ये 'एक देश एक निवडणूक' विधेयक मांडताना तीन ओळींचा व्हिप असूनही सत्ताधारी पक्षाचे वीसेक खासदार गैरहजर असल्याच्या बातम्या होत्या. त्यावरून कुणाची खासदारकी गेली नाही.

१९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने वैध ठरवला. पण त्याच निकालात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. सदस्यत्व घालवणारा निर्देश विश्वासमतासारख्या सरकारच्या अस्तित्वाच्या प्रश्नापुरता, किंवा पक्षाने ज्या मुख्य धोरणावर मतं मागितली त्यापुरता असावा, असं न्यायालयाने म्हटलं. पक्षांनी ते मनावर घेतलं नाही. आज साध्या विधेयकालाही तीन ओळी मारल्या जातात. माझ्या मते दुखणं इथेच आहे, कायदा असण्यात नाही. विश्वासमतापुरती पराणी ठेवा, बाकी औत बैलांच्या समजुतीवर चालू द्या. मनीष तिवारी यांनी २०१० मध्ये याच धर्तीचं खासगी विधेयक मांडलं होतं.

आता आपल्याकडचा भाग. २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हा वाद विधानसभेपुरता नव्हता. लोकसभेत पक्षाचे १९ खासदार होते, गटनेते विनायक राऊत. १२ खासदार दुसऱ्या बाजूला गेले आणि जुलैमध्ये लोकसभा अध्यक्षांनी राहुल शेवाळे यांना गटनेते म्हणून मान्यता दिली. मुख्य प्रतोद भावना गवळी की राजन विचारे, हाही वाद झाला. प्रश्न एकच होता: प्रतोद कुणाचा? निवडून आलेल्या खासदार-आमदारांच्या गटाचा, की बाहेरच्या पक्षाचा? ११ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने विधानसभेच्या संदर्भात उत्तर दिलं की प्रतोद आणि नेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. दहावं परिशिष्ट दोन्हीकडे एकच आहे, त्यामुळे हे तत्त्व संसदेलाही लागू पडतं. मग भांडण 'मूळ पक्ष कोणता' यावर गेलं. ते आपण इथे उकरायला नको, धाग्याचा विषय बुडेल.

---

लीड्सवाली

मी इंग्लंडमध्ये राहते, इथल्या बातम्या ऐकताना सुरुवातीला माझा एक गोंधळ झाला होता तो सांगते. आपण मराठीत 'व्हिप काढला' म्हणतो तेव्हा पक्षादेश जारी केला असा अर्थ होतो. इथे खासदाराचा 'व्हिप काढून घेतला' म्हणजे त्याला संसदीय पक्षातून बाहेर केलं. त्याला पक्षाचे निरोप यायचे बंद होतात, तो अपक्षासारखा बसतो. पण खासदारकी जात नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी एका रात्रीत आपल्याच पक्षाच्या २१ खासदारांचा व्हिप काढून घेतला. त्यात माजी अर्थमंत्री केन क्लार्क होते, चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. सगळे दुसऱ्या दिवशी खासदार म्हणूनच सभागृहात आले. त्याच वर्षी १५ जानेवारीला थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार ४३२ विरुद्ध २०२ ने पडला. स्वतःच्या पक्षाचे ११८ खासदार विरोधात गेले होते! अ‍ॅडव्होकेटसाहेबांचं वाचताना मनात आलं, भारतात ११८ जणांनी असं केलं असतं तर?

त्याच मतदानाला ट्युलिप सिद्दीक या खासदार प्रसूतीची शस्त्रक्रिया पुढे ढकलून चाकाच्या खुर्चीवर आल्या होत्या. त्यानंतर इथे बाळंतपणातल्या खासदारांसाठी प्रतिनिधीमार्फत मत देण्याची सोय झाली. मनमोहन सिंगांचं वाचून ते आठवलं. तसं काहीतरी आपल्याकडेही हवं असं मला मनापासून वाटतं.

---

शेतकरी_पुत्र

@अ‍ॅड_करवीर, पटलं, पण पूर्ण नाही. १५ दिवसांत माफ करायचं की नाही हेही पक्षच ठरवणार ना? म्हणजे दोरी त्यांच्याच हातात.

---

अ‍ॅड_करवीर

हो. दोरी त्यांच्याच हातात. ते मी नाकारत नाही.

---

निवृत्त_वार्ताहर

व्हिप मोडला आणि सरकार पडलं, असं एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. १७ एप्रिल १९९९. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव. फलकावर आकडे आले, २६९ आणि २७०. काही क्षण कुणालाच विश्वास बसेना. नॅशनल कॉन्फरन्स सरकारच्या बाजूने होती, पण त्यांचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षादेश मोडून विरोधात मत दिलं. पक्षाने त्यांना काढलं. काँग्रेसचे गिरिधर गमांग फेब्रुवारीत ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेचा राजीनामा दिलेला नव्हता. अध्यक्ष बालयोगी यांनी निर्णय त्यांच्या सद्सद्विवेकावर सोडला आणि त्यांनी मत दिलं. दोन माणसं, दोन वेगळी कारणं, आणि एका मताने सरकार गेलं. विरोधी पक्षनेते त्या वेळी शरद पवार होते.

त्यावरून आठवलं, विरोधी पक्षनेत्याबद्दल अजून कुणीच लिहिलेलं नाही.

---

चिपळूणची_लेक

मी लिहिते. राज्यशास्त्रात एम.ए. करताना माझा प्रकल्प याच पदावर होता, त्यामुळे जरा लांबेल.

राज्यघटनेच्या मुख्य कलमांत विरोधी पक्षनेता नाही. कायदा आला तो १९७७ मध्ये, जनता सरकारच्या काळात. पगार, भत्ते, आणि दर्जा कॅबिनेट मंत्र्याचा. त्या वेळी लोकसभेत विरोधी पक्षनेते होते यशवंतराव चव्हाण. आपल्याकडे यशवंतराव म्हटलं की मुख्यमंत्री आणि संरक्षणमंत्री एवढंच आठवतं. पण जुलै १९७९ बघा. १० तारखेला ते पुन्हा विरोधी पक्षनेते झाले, ११ तारखेला त्यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वास ठराव मांडला, १५ तारखेला मतदान होण्याआधीच मोरारजींनी राजीनामा दिला आणि महिना संपण्याआधी यशवंतराव चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान होते. पक्षांतरबंदी तेव्हा नव्हती, जनता पक्षाचे खासदार रोज गळत होते.

त्या कायद्यातली व्याख्या साधी आहे. सरकारच्या विरोधात असलेल्या पक्षांपैकी सर्वांत जास्त सदस्य असलेल्या पक्षाचा त्या सभागृहातला नेता, ज्याला अध्यक्षांनी मान्यता दिली आहे. दहा टक्क्यांची अट त्यात नाही. ती आली त्याच्याही आधीपासून, पहिले लोकसभा अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या निर्देशातून. मावळंकर राहिले अहमदाबादेत, पण घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं. त्यांचा विचार असा की सभागृह चालवायला जेवढी गणसंख्या लागते, म्हणजे एक दशांश, तेवढं बळ ज्या पक्षाकडे आहे त्यालाच पक्ष म्हणून मान्यता द्यावी. लोकसभेत तो आकडा ५५ धरला जातो. म्हणूनच पहिल्या सतरा वर्षांत कुणीच अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हता. पहिले झाले राम सुभाग सिंग, १९६९ मध्ये, तेही काँग्रेस फुटल्यामुळे. १९८० ते १९८९ ही जागा पुन्हा रिकामी.

२०१४ मध्ये काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या. अध्यक्षा सुमित्रा महाजन, इंदूरच्या खासदार, जन्माने आमच्या चिपळूणच्या. त्यांनी महान्यायवादींचं, म्हणजे सरकारच्या सर्वोच्च कायदेशीर सल्लागारांचं, मत घेऊन मान्यता नाकारली. २०१९ मध्ये ५२ जागा, म्हणजे तीन कमी. दहा वर्षं लोकसभेला विरोधी पक्षनेता नव्हता. २०२४ मध्ये ९९ जागा आल्या आणि पद भरलं.

आता कुणी म्हणेल, पद नसलं तर काय बिघडतं, भाषणं तर करता येतातच. बिघडतं ते निवड समित्यांत. लोकपाल, सीबीआय संचालक, मुख्य माहिती आयुक्त, दक्षता आयुक्त, आता मुख्य निवडणूक आयुक्तही, या सगळ्यांच्या निवडीत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची आहे. माहिती अधिकाराच्या कायद्यात 'नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता' अशी सोय होती. सीबीआयसाठी २०१४ मध्ये दुरुस्ती केली. लोकपाल कायद्यात ती सोय नव्हती. कायदा २०१३ चा, पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये. मधल्या काळात खर्गे यांना 'विशेष निमंत्रित' म्हणून बैठकीला बोलावलं, पण मताचा अधिकार नसताना यायचं नाही म्हणून ते गेले नाहीत.

मला हे प्रकरण लिहिताना खरंच राग आला होता, अजूनही येतो. निर्देश देताना मावळंकरांसमोर पक्षांना खोल्या, बसायच्या जागा आणि बोलायचा वेळ वाटण्याचा प्रश्न होता. त्या एका दशांशावर पुढे लोकपालाची निवड अडेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

---

दिल्लीतला_पंढरपूरकर

ताई, उत्तम. एक भर घालतो. १९९८ चा एक कायदा आहे, मान्यताप्राप्त पक्ष आणि गटांच्या नेत्यांना व मुख्य प्रतोदांना सुविधा देणारा. त्यातही लोकसभेत ५५ सदस्य असले तर 'पक्ष', ३० ते ५४ असले तर 'गट'. राज्यसभेत २५ आणि १५. त्याप्रमाणे कार्यालय, दूरध्वनी, कर्मचारी. म्हणजे ५५ हा आकडा तिथे चक्क कायद्यात लिहिलेला आहे. फक्त तो सुविधांसाठी आहे, विरोधी पक्षनेतेपदासाठी नाही. हा फरक बातम्यांत नेहमी पुसला जातो.

---

निवृत्त_वार्ताहर

आणि सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी लोकलेखा समिती विसरू नका. १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी बाकांकडे देण्याचा संकेत आहे. पहिले मिनू मसानी. कायद्यात कुठेही लिहिलेलं नसताना इतकी वर्षं पाळला गेलेला हा संकेत आहे. मास्तर, मुलांना कायदा शिकवताना संकेतही शिकवा.

---

लीड्सवाली

एक छोटी शंका. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती निवडणुकीतही व्हिप निघतो का?

---

अ‍ॅड_करवीर

नाही. तिथे गुप्त मतदान असतं आणि पक्षाला व्हिप बजावता येत नाही. ९ सप्टेंबर २०२५ ला आपले तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती म्हणून निवडून आले, ४५२ विरुद्ध ३००, तेही व्हिपविनाच. म्हणूनच अशा निवडणुकीनंतर कुणाची किती मतं फुटली याची एवढी चर्चा होते.

---

वाईचे_मास्तर

मंडळी, काय लिहू? तीन दिवस हा धागा रोज रात्री वाचत होतो. वहीची बावीस पानं भरली. सगळ्यांचे मनापासून आभार.

काल सराव झाला, त्याचा वृत्तांत देतो. वर्ग ६० मुलांचा, म्हणून एक दशांश धरून सहाची अट ठेवली. सत्ताधारी ३४, बाकी तीन पक्ष. त्यातल्या एका पक्षात मुद्दाम पाचच मुलं ठेवली. त्यांना मान्यता मिळेना तेव्हा त्यांनी अध्यक्ष झालेल्या मुलाशी जो वाद घातला तो ऐकताना मला चिपळूणच्या ताईंची आठवण झाली. 'निवड समितीत आम्ही नसलो तर तुमच्या निवडीवर विश्वास कुणी ठेवायचा?' हे एका मुलाचं वाक्य, मी शिकवलेलं नाही.

हजेरीचा प्रश्न विचारणारी मुलगीच सत्ताधारी पक्षाची मुख्य प्रतोद झाली. तिने वहीच्या पानावर व्हिप लिहिला, पट्टीने खाली तीन ओळी मारल्या आणि चौतीस जणांकडे नेऊन सह्या घेतल्या. विधेयक शाळेच्या मैदानाची अर्धी जागा वाहनतळाला देण्याचं होतं. पंढरपूरकरांनी सांगितलं होतं म्हणून साडेतीन मिनिटं घंटा वाजवली आणि दार लावलं. शिपाईमामा खूश होते.

सत्ताधारी पक्षाच्या एका मुलाने विरोधात मत दिलं. रोज त्या मैदानावर कबड्डी खेळतो तो. विधेयक तरीही ३३ विरुद्ध २७ ने मंजूर झालं. मग पक्षाची बैठक बसली, माफ करायचं की नाही यावर. निम्मी मुलं म्हणाली शिस्त म्हणजे शिस्त, अध्यक्षांकडे तक्रार करा. प्रतोद मुलीने वेगळंच मांडलं. ती म्हणाली, मैदानावर खेळणारे आपल्या पक्षात नऊ जण आहेत, ते नाराज आहेत हे मला आधीपासून माहीत होतं आणि मी ते पंतप्रधानांना सांगितलं नाही, तेव्हा चूक आधी माझी आहे.

तास संपला, निर्णय झालाच नाही. पंधरा दिवस आहेत म्हणून त्यांनी बैठक सोमवारपर्यंत पुढे ढकलली. मधल्या सुट्टीत ती मुलगी मैदानावर त्या नऊ जणांशी बोलताना दिसली, हातात वही होती.